थायलंडमधला तळ, एजंट ऑरेंज आणि व्हीएने नाकारलेला क्लेम: आता काय करायचे?

प्रश्न अमेरिकेत राहणाऱ्या एका मराठी सुनेचा आहे. सासरे अमेरिकन, वय ७६. १९६९-७० मध्ये ते अमेरिकी हवाई दलात होते आणि थायलंडमधल्या उडोर्न तळावर विमानांची देखभाल करत. आज त्यांना टाइप २ मधुमेह आहे (गोळ्या आणि पथ्य), २०११ मध्ये बायपास झाली आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि दोन्ही पावलांना मुंग्या येतात. २०१२ मध्ये मधुमेह आणि हृदयविकारासाठी केलेला क्लेम व्हीएने, म्हणजे माजी सैनिकांच्या खात्याने, 'तणनाशकाशी (व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी सैन्याने फवारलेल्या एजंट ऑरेंजसारख्या) संपर्क सिद्ध होत नाही' म्हणून फेटाळला. सासरे म्हणतात, एकदा नाही म्हणाले, आता पुन्हा कशाला दारात जायचे?

पुन्हा जायचे, कारण त्या वेळचा नियमच आता राहिलेला नाही. २०१२ साली व्हिएतनाममध्ये पाय ठेवलेल्या सैनिकाचा संपर्क गृहीत धरला जाई, थायलंडमधल्या सैनिकाचा नाही. थायलंडच्या तळांवर तणनाशक मुख्यतः कुंपणालगत फवारले गेले असे व्हीए मानत असे. त्यामुळे पहारेकरी आणि श्वानपथकातल्या लोकांचे क्लेम मान्य होत, धावपट्टीवरचा मेकॅनिक अडकत असे. १० ऑगस्ट २०२२ रोजी विषारी पदार्थांशी संपर्क आलेल्या माजी सैनिकांसाठीच्या पॅक्ट ॲक्ट या कायद्यावर सही झाली आणि ही अट गेली. ९ जानेवारी १९६२ ते ३० जून १९७६ या काळात थायलंडमधल्या कोणत्याही अमेरिकी किंवा थाई लष्करी तळावर जो होता, त्याचा संपर्क आता कायद्यानेच गृहीत धरला जातो. काम कोणते होते, कुंपण किती लांब होते, हे कोणी विचारायचे नाही.

'गृहीत धरणे' हा या साऱ्या विषयाचा कणा आहे. एजंट ऑरेंज म्हणजे २,४-डी आणि २,४,५-टी या दोन तणनाशकांचे निम्मे-निम्मे मिश्रण. खरे विष दुसऱ्या घटकाच्या उत्पादनात तयार होणारे टीसीडीडी नावाचे डायॉक्सिन. पिंपांवरच्या नारिंगी पट्ट्यावरून नाव पडले. कोणाच्या अंगावर किती थेंब पडले याची नोंद कोणी ठेवली नव्हती आणि पन्नास वर्षांनी एखाद्याचा मधुमेह त्यामुळेच झाला हे कोणताही डॉक्टर छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. म्हणून १९९१ च्या एजंट ऑरेंज कायद्याने पुराव्याचे ओझे सैनिकाच्या डोक्यावरून उतरवले: ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या काळात होता, आज व्हीएच्या ठरलेल्या यादीतला आजार आहे, आणि सेवेतून बदनामीकारक शिक्का न लागता बाहेर पडला, एवढे दाखवा, कारण दाखवू नका. सातारा-कोल्हापूरकडच्या ज्या घरांना भारतीय फौजेच्या अपंगत्व पेन्शनची ओळख आहे, त्यांनी तो अनुभव इथे लावू नये. निवृत्तीनंतर चाळीस वर्षांनी निघालेला आजारही इथे सेवेचाच धरला जातो.

थायलंडशिवाय इतर ठिकाणेही आहेत, ओळखीत कोणी असेल तर उपयोगी पडतील म्हणून सांगतो. व्हिएतनामच्या भूमीवर ९ जानेवारी १९६२ ते ७ मे १९७५. २०२० पासून किनाऱ्यापुढच्या १२ सागरी मैलांच्या पट्ट्यातली जहाजेही त्यात आली. कोरियाच्या सैन्यविरहित पट्ट्याजवळ १ सप्टेंबर १९६७ ते ३१ ऑगस्ट १९७१. पॅक्ट ॲक्टने लाओस, कंबोडियाचा एक छोटा भाग, ग्वाम, अमेरिकन समोआ आणि जॉन्स्टन बेट जोडले, प्रत्येकाच्या तारखा वेगळ्या. फवारणीची जुनी सी-१२३ विमाने नंतर ज्यांनी हाताळली तेही पात्र आहेत.

आता आजार. तुमच्या सासऱ्यांचे चारपैकी तीन थेट यादीत आहेत: टाइप २ मधुमेह, हृदयाला रक्त कमी पडण्याचा विकार (बायपास त्यातच येते) आणि पॅक्ट ॲक्टने घातलेला उच्च रक्तदाब. चौथा, पायांच्या मुंग्या, हा सापळा आहे. यादीत मज्जातंतूंचा विकार आहे खरा, पण 'लवकर सुरू झालेला', म्हणजे संपर्कानंतर वर्षभरात, व्हीएच्या तीव्रतेच्या मापात किमान १० टक्के इतका दिसलेला. १९७० मध्ये पाय ठीक होते, म्हणून या नावाखाली अर्ज केला तर हमखास नकार येतो. हाच त्रास 'मधुमेहामुळे झालेला दुय्यम विकार' म्हणून मागायचा. मधुमेह मान्य झाला की मधुमेहाने बिघडवलेले पाय, मूत्रपिंड, डोळे, लैंगिक क्षमता हे सगळे त्याच्या मागून येऊ शकतात.

यादीच्या कडा नीट पाहायला हव्यात, कारण बरेच अर्ज इथेच घसरतात. पूर्व-मधुमेह चालत नाही, टाइप १ चालत नाही. हृदयविकारात ॲट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके) किंवा पायांच्या धमन्यांचे आजार धरत नाहीत. पक्षाघात यादीत नाही, पण मान्य झालेल्या रक्तदाबामुळे झाला असे दाखवता आले तर दुय्यम म्हणून येतो. फुफ्फुसाचा कर्करोग हवा तो मूळचा. आतड्यातून फुफ्फुसात पसरलेला असेल तर गृहीतक लागू होत नाही, त्यामुळे पॅथॉलॉजीच्या अहवालात मूळ जागा स्पष्ट असावी. प्रोस्टेट, मूत्राशय, स्वरयंत्र, श्वासनलिका यांचे कर्करोग, मल्टिपल मायलोमा, हॉजकिन आणि बिगर-हॉजकिन लिम्फोमा, जुनाट बी-सेल ल्युकेमिया, बहुतेक सॉफ्ट टिश्यू सार्कोमा, पार्किन्सन आणि तत्सम कंप, हायपोथायरॉइडिझम, एएल अमायलॉइडोसिस (अवयवांत प्रथिन साचणे), एमजीयूएस (रक्तात असामान्य प्रथिन) ही यादीतली बाकीची मोठी नावे. यादीबाहेरचा आजार असला म्हणजे दार बंद झाले असे नाही. १९९४ च्या कॉम्बी खटल्याने थेट पुराव्याने संबंध दाखवायचा हक्क मान्य केला आहे. मात्र तिथे डॉक्टरांचे सकारण मत लागते आणि लढाई लांब चालते.

फॉर्म दोन लागतील आणि ते एकमेकांत मिसळू नका. २०१२ मध्ये नाकारलेले दोन आजार २०-०९९५ या पूरक क्लेमच्या फॉर्मवर मागायचे. मुद्दा म्हणून लिहा: पॅक्ट ॲक्ट, थायलंड, उडोर्न, अमुक ते अमुक तारीख. रक्तदाब आणि पायांचा विकार पूर्वी कधी मागितलेला नाही, ते २१-५२६ ईझी या नव्या क्लेमच्या फॉर्मवर. कागद गोळा करायला वेळ लागणार असेल, तर नव्या आजारांसाठी आजच २१-०९६६ हा 'अर्ज करण्याचा इरादा' नोंदवा. त्याने तारीख राखली जाते आणि पूर्ण अर्जासाठी एक वर्ष मिळते. पूरक क्लेम मात्र इराद्याच्या भरवशावर ठेवू नका, तो सरळ दाखल करा. पुरावा मागाहून जोडता येतो.

उडोर्नचा पुरावा कुठे मिळेल? डीडी-२१४ या सेवामुक्तीच्या कागदावर परदेशातल्या सेवेचा एकूण काळ असतो, पण तळाचे नाव बहुधा नसते. हवाई दलात कामगिरीचे वार्षिक अहवाल भरले जात आणि त्यांवर तुकडी व तळ छापलेला असे. तोच कागद सर्वांत भक्कम. त्यासाठी एसएफ-१८० हा फॉर्म भरून सेंट लुईसच्या नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरकडून संपूर्ण सेवा-फाइल मागवा, नुसता डीडी-२१४ नको. सही सासऱ्यांचीच हवी. '१९७३ च्या आगीत सगळे जळाले' असे कोणी सांगेल. त्या आगीत हवाई दलाच्या ज्या फायली गेल्या त्या १ जानेवारी १९६४ च्या आधी सेवामुक्त झालेल्यांच्या. सासऱ्यांची फाइल त्यात नाही. बदलीचे आदेश, वैद्यकीय नोंदीवरचा उडोर्नच्या दवाखान्याचा शिक्का, घरी पाठवलेल्या पत्रांवरचा टपालाचा शिक्का आणि बरोबरच्या सैनिकाचे २१-१०२१० वरचे निवेदन, हे सगळे जोड म्हणून उपयोगी पडते.

इथून पुढचा भाग सावकाश वाचा. क्लेम मान्य होणे ही अर्धी गोष्ट झाली. कोणत्या तारखेपासून मान्य झाला, हजारो डॉलरचा फरक तिथे पडतो.

साधा नियम असा की पैसे अर्जाच्या तारखेपासून. पण अर्ज नव्या उदार कायद्याच्या आधारे असेल आणि सैनिक कायदा आला त्या दिवसापासून सलग पात्र असेल, तर अर्जाच्या तारखेच्या एक वर्ष मागेपर्यंत पैसे देता येतात. ज्यांनी ऑगस्ट २०२३ च्या मुदतीत अर्ज केला त्यांना थेट १० ऑगस्ट २०२२ पर्यंत मागे जाता आले. तुमची ती संधी गेली, पण एक वर्ष मागचे अजून मिळते. मधुमेह आणि बायपास दोन्ही २०२२ च्या आधीचे असल्यामुळे अट पुरी होते. निदानाची तारीख दाखवणारे कागद म्हणूनच जोडायचे. निकालपत्रात अर्जाचीच तारीख धरलेली दिसली तर गप्प बसू नका, व्हीएच्या नियम ३.११४ चा उल्लेख करून हरकत घ्या.

याहून मोठी शक्यता एक आहे. सासऱ्यांना शांतपणे विचारा: थायलंडला जाताना किंवा येताना विमान सायगावच्या तान सोन न्हुत तळावर उतरले होते का? बिघडलेले विमान दुरुस्त करायला कधी दोन दिवस दा नांगला पाठवले होते का? व्हिएतनामच्या जमिनीवर काही तास काढले तरी ती व्हिएतनाममधली सेवा ठरते. आणि ती सेवा २०१२ मध्येही गृहीतकाला पुरेशी होती, कारण मधुमेह २००१ पासून आणि हृदयविकार २०१० पासून यादीत होता.

अशी नोंद सेवेच्या अधिकृत कागदांत असेल, आणि २०१२ मध्ये तो कागद व्हीएच्या फाइलमध्ये आलाच नसेल, तर नियम ३.१५६(सी) लागू होतो. व्हीएला जुना क्लेम नव्याने तपासावा लागतो आणि तारीख २०१२ ची मिळू शकते. इथे फोटो किंवा मित्राचे निवेदन पुरत नाही. कागद सैन्याचाच हवा. तात्पुरत्या नेमणुकीचे आदेश, ज्यांना टीडीवाय म्हणतात, हे त्याचे नेहमीचे रूप. आणखी एक अट आहे: कागद शोधता येईल एवढी माहिती सैनिकाने तेव्हा दिलीच नसेल, तर नियम लागू होत नाही. म्हणून २०१२ च्या अर्जात त्यांनी नेमके काय लिहिले होते ते आधी वाचायला हवे. २०-१०२०६ फॉर्मने पूर्ण क्लेम-फाइल मागवा. ती यायला वेळ लागतो, म्हणून वाट न पाहता पूरक क्लेम आधी टाका आणि फाइल आली की तारखेचा मुद्दा काढा. व्हिएतनामला कधीच गेले नसतील तर तो मुद्दा तिथेच संपला. जे नाही ते लिहू नका.

आता टक्के. व्हीए आजाराच्या नावाला नव्हे, तीव्रतेला टक्के देते. मधुमेह गोळी आणि पथ्यावर असेल तर २० टक्के. ४० साठी इन्सुलिन, पथ्य आणि डॉक्टरांनी श्रमाच्या हालचालींवर घातलेले बंधन ही तिन्ही लागतात, आणि हे तिसरे डॉक्टरांच्या नोंदीत लेखी नसते म्हणून लोक अडकतात. हृदयाचे टक्के मेट्स या, शरीराला किती श्रम झेपतात ते सांगणाऱ्या मापावर ठरतात. ५.१ ते ७ मेट्सला दम लागला तर ३०, ३.१ ते ५ ला ६०, ३ किंवा त्याखाली १००. दोन्ही पायांच्या सौम्य मुंग्यांना प्रत्येकी १०. रक्तदाबाला १० मिळायला वरचा आकडा मुख्यतः १६० किंवा खालचा १०० वा अधिक हवा, किंवा पूर्वी खालचा मुख्यतः १०० वा अधिक असून आता कायम औषध चालू हवे. गोळीने आज आकडे ठीक दिसतात, म्हणून गोळी सुरू होण्याआधीची नोंद शोधा. शून्य टक्के मिळाले तरी घ्या. पुढे पक्षाघात किंवा मूत्रपिंडाचा त्रास झाला तर तो शून्यच आधार बनतो.

बेरीज मात्र शाळेतली नाही. समजा हृदय ६०, मधुमेह २०, दोन पाय १० आणि १०. साधी बेरीज शंभर होते, व्हीएची सत्तर. दोन पाय जोडीचे म्हणून आधी एकत्र: १० आणि उरलेल्या ९० चे १० टक्के मिळून १९, त्यावर जोडीचा दहावा हिस्सा १.९, म्हणजे २१. मग ६० काढून उरलेल्या ४० चे २१ टक्के, झाले ६८. उरलेल्या ३२ चे २० टक्के, झाले ७४. जवळच्या दहाला म्हणजे ७०. आता त्यात रक्तदाबाचे १० टाका: ७४ चे ७७ होतात आणि ७७ म्हणजे ८०. सासरे 'बीपी काय सगळ्यांनाच असते' म्हणून तो सोडून देत असतील, तर त्यांना हे गणित दाखवा. २०२५ च्या दरांनुसार एकट्या सैनिकाला महिन्याला ७० टक्क्यांवर १,७५९.१९ डॉलर, ८० वर २,०४४.८९ आणि १०० वर ३,८३१.३० मिळत होते. पत्नी असेल तर थोडे अधिक. यावर आयकर नाही. एक आजार ६० चा, किंवा एक ४० चा आणि एकूण ७० असेल, आणि या आजारांमुळे नोकरी करणे अशक्य असेल, तर २१-८९४० फॉर्मने १०० टक्क्यांच्या दराची मागणी करता येते. वय मोजत नाहीत. मात्र केवळ वयामुळे निवृत्त झालेल्याला हे मिळत नाही, कारण आजारच हवा.

अर्ज गेल्यावर व्हीए तपासणीसाठी बोलावेल, बहुधा कंत्राटी डॉक्टरकडे. पत्र किंवा फोन चुकला आणि तपासणी बुडाली तर क्लेम तिथेच पडतो, म्हणून पत्ता आणि फोन अद्ययावत ठेवा. या पिढीतले सैनिक तपासणीत 'आय ॲम फाइन' म्हणून मोकळे होतात. आपल्याकडचे आजोबाही असेच, सुनेसमोर कण्हायचे नाही. पण इथे त्या एका वाक्याने हृदयाचे ६० चे १० होतात. मेट्स अनेकदा ट्रेडमिलवर न मोजता प्रश्न विचारूनच ठरवतात: एक जिना चढताना थांबता का, हिरवळ कापताना दम लागतो का, अंघोळीनंतर बसावे लागते का. आधीच्या दोन आठवड्यांत कशाने दम लागला, छातीत दुखले, चक्कर आली, हे वहीत तारखेसह लिहून सोबत न्या. फुगवून सांगू नका आणि दडपूही नका.

पायांच्या विकारासाठी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांचे पत्र घ्या. अमेरिकेत मराठी डॉक्टर पुष्कळ आहेत आणि अशी पत्रे त्यांच्याकडेही मागितली जातात, म्हणून नेमके सांगतो. पत्रात तीन गोष्टी हव्यात: मी या या नोंदी वाचल्या, हा विकार मधुमेहामुळे झाला असण्याची शक्यता 'ॲट लीस्ट ॲज लाइकली ॲज नॉट' आहे, म्हणजे निम्मी किंवा अधिक, आणि त्याचे कारण, जसे मधुमेह किती वर्षांचा, मुंग्या नंतर सुरू झाल्या, दारू किंवा ब-१२ च्या कमतरतेसारखी दुसरी कारणे तपासली. 'संबंध असू शकतो' असे मोघम लिहिलेले पत्र व्हीए बाजूला ठेवते. तिसरा भाग गाळला तरी तेच होते.

मदतीला पैसे मोजू नका. डीएव्ही, व्हीएफडब्ल्यू, अमेरिकन लीजन यांसारख्या माजी सैनिकांच्या संस्थांचे आणि बहुतेक काउंटींचे अधिकृत प्रतिनिधी विनामूल्य काम करतात. २१-२२ फॉर्मने त्यांची नेमणूक होते. पहिल्या क्लेमसाठी फी घेणे बेकायदा आहे. निकालानंतरच्या अपिलात मान्यताप्राप्त वकील मागच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत घेतो ते योग्य मानले जाते. 'रेटिंग वाढवून देतो, वाढीव पाच महिन्यांचे पैसे आमचे' अशी जाहिरात करणारी कंपनी व्हीएच्या मान्यताप्राप्त यादीत शोधा. नाव नसेल तर फोन ठेवून द्या.

दोन गैरसमज घरात असतील तर काढून टाका. एजंट ऑरेंज रजिस्ट्रीची तपासणी केली म्हणजे क्लेम झाला असे नाही. ती फक्त आरोग्य तपासणी. आणि रसायन कंपन्यांशी १९८४ मध्ये झालेली १८ कोटी डॉलरची तडजोड वेगळी होती, तो निधी कधीच संपला. त्यातून काही मिळाले असो वा नसो, व्हीएचा हक्क कायम आहे. क्लेम चालू असतानाही सासरे व्हीएच्या आरोग्यसेवेत नाव घालू शकतात, मार्च २०२४ पासून अशा सर्वांना ते खुले आहे.

सासूबाईंचाही विचार आत्ताच करा. हृदयविकार मान्य झाला आणि पुढे मृत्यूचे कारण तोच असला, तर पत्नीला २१पी-५३४ ईझी फॉर्मवर दरमहा भरपाई मिळते, २०२५ मध्ये ती १,६५३.०७ डॉलर होती. मृत्यूच्या दाखल्यात मूळ आजार लिहिलेला हवा, नुसते 'हृदय बंद पडले' पुरत नाही. क्लेम प्रलंबित असताना ते गेले तर एका वर्षाच्या आत पत्नी त्यांच्या जागी उभी राहून तो पुढे नेऊ शकते. मुलांसाठी तरतूद अरुंद आहे: संपर्क झालेल्या सैनिकाच्या अपत्याला स्पायना बिफिडा, म्हणजे पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष, असेल (ऑकल्टा प्रकार सोडून) तर. नातवंडांसाठी काही नाही.

निकालपत्र आले की आधी तीन गोष्टी तपासा: प्रत्येक आजाराचा वेगळा निर्णय दिला आहे का, टक्के कोणत्या मापावर दिले, आणि तारीख कोणती धरली. चूक दिसली तर पत्राच्या तारखेपासून एक वर्ष हातात असते. नवा पुरावा असेल तर पुन्हा २०-०९९५, पुरावा तोच पण निर्णय चुकला असेल तर वरिष्ठांकडून फेरतपासणीसाठी २०-०९९६, न्यायाधीशासमोर जायचे असेल तर १०१८२. वर्ष उलटू दिले तर आत्ता मिळवलेली तारीखही हातची जाते.